अध्ययन अक्षमता, एडीएचडी आणि कॉलेजचा अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजातल्या मुलामुलींना अभ्यासात मदत करण्याचं काम करताना तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतात. निम्मे विद्यार्थ्यांचे, बरेचसे पालकांचे आणि थोडे प्राध्यापकांचे. ते इथे एका जागी आणले आहेत. कुठलाही प्रश्न थेट उघडून वाचा. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अध्ययन अक्षमता म्हणजे नेमकं काय? मुलाची बुद्धी कमी आहे असा त्याचा अर्थ होतो का?

होत नाही. डोळे-कान ठीक, शिकवणं ठीक, समज चांगली, आणि तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांतलं एखादं कौशल्य वयाच्या मानाने खूप मागे राहतं आणि वर्षानुवर्षं मागेच राहतं, तेव्हा त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनात अडत असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्यात डिसग्राफिया, आकड्यांत डिसकॅल्क्युलिया. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत हे सगळं एकाच निदानाखाली घेतलं आहे आणि नेमकं कुठे अडतं ते पुढे नोंदवायचं असतं. एकाच मुलात दोन-तीन गोष्टी असू शकतात.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हुशार, चुणचुणीत, पण वाचता येईना. त्याच्या शिक्षकांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. आज कॉलेजात आम्ही जे करतो त्याचा अर्धा भाग म्हणजे त्या शिक्षकांचं वाक्य मनावर घेणं.

२. एडीएचडी हीसुद्धा अध्ययन अक्षमताच ना?

दोन्ही वेगळ्या. एडीएचडीत अडचण लक्ष टिकवण्याची, स्वतःला आवरण्याची, कामाला हात घालण्याची आणि वेळेचा अंदाज येण्याची असते. वाचता येतं, पण पान संपेपर्यंत मन तिथे नसतं. निदानासाठी काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात आणि ती एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे घरीही आणि वर्गातही, दिसावी लागतात. लक्षणांचे दोन गट असतात: लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलता-उतावळेपणाचा. सतरा वर्षांपुढच्यांसाठी एका गटातली किमान पाच लक्षणं लागतात. लहान मुलांसाठी सहा. वर्गात उड्या मारणारा मुलगा हे एकच रूप डोळ्यांसमोर असल्यामुळे, खिडकीबाहेर बघत शांत बसलेल्या मुली वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाहीत.

दोन्ही एकत्र असणं मात्र नेहमीचंच आहे. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर धड्याची तीन पानं कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. ऐकल्यावर भराभर समजलं तर अडचण बहुधा वाचनाची. ऐकतानाही चौथ्या मिनिटाला मन भलतीकडे गेलं तर लक्षाची. हे निदान नव्हे. तपासणीला जाताना सांगायची एक गोष्ट, एवढंच.

३. शाळेत चांगले मार्क होते. मग कॉलेजातच सगळं का बिघडलं?

कारण शाळेत तुमच्याभोवती टेकू होते. ठरलेलं वेळापत्रक, रोज तपासली जाणारी वही, पाठ फिरवली की हाक मारणाऱ्या बाई, आणि रात्री दप्तर भरून देणारी आई. हे सगळं मिळून तुमच्या मेंदूचं एक काम बाहेरून करत होतं: काय, कधी, कोणत्या क्रमाने. कॉलेजात ते एका झटक्यात निघतं. सबमिशनची तारीख पहिल्या आठवड्यात एकदा सांगतात आणि पुन्हा कुणी विचारत नाही. वाचायचं साहित्य कितीतरी पटींनी वाढतं. डिस्लेक्सियाचा मुलगा शाळेत दुप्पट वेळ बसून भरपाई करत असतो; कॉलेजात दुप्पट करायला तेवढे तास दिवसात उरतच नाहीत.

म्हणून एकोणीस-वीसाव्या वर्षी पहिल्यांदा निदान होणं यात संशय घेण्यासारखं काही नाही. अडचण आधीपासून होती, फक्त झाकलेली होती.

४. माझा मुलगा मराठी फडाफडा वाचतो, इंग्रजीतच अडतो. मग हा डिस्लेक्सिया कसा?

असू शकतो. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच सरळ आहे. एकदा बाराखडी आणि जोडाक्षरं बसली की नवा शब्दही वाचता येतो. इंग्रजीत तसं नाही. तिथे तीच अक्षरं वेगळ्या शब्दात वेगळी बोलतात. इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या डिस्लेक्सियाग्रस्त प्रौढांच्या २००१ मधल्या एका तुलनेत मेंदूतली अडचण तिघांत सारखीच दिसली होती. इटालियन वाचणारे मात्र प्रत्यक्ष वाचनात इतर दोघांपेक्षा बरे होते. सरळ लिपीत डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणातून दिसतो. त्यामुळे मराठी वाचन तपासताना नुसतं बरोबर-चूक बघू नका, घड्याळ लावा. र्‍हस्व-दीर्घ, रफार आणि जोडाक्षरांपाशी तो थबकतो का, ओळ सुटते का, ते बघा.

उलट बाजूही खरी आहे. इंग्रजी माध्यम नवं असल्यामुळे अडणं म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे. भाषा कच्ची असेल तर ऐकूनही समजत नाही. डिस्लेक्सियात ऐकून समजतं. तपासणी करणाऱ्याला दोन्ही भाषांचा इतिहास सांगा.

जाता जाता, आकड्यांचंही असंच. ‘एकोणसाठ’ ऐकून ५९ लिहायचं म्हणजे साठ आठवायचे, त्यातून एक वजा करायचा आणि मग पाच आधी लिहायचा. ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतो, लिहायचा शेवटी. डिसकॅल्क्युलिया असलेल्याला हे कॉलेजातही जाचतं. प्रयोगशाळेत जोडीदार तोंडी आकडे सांगत असेल तर त्याला एकेक अंक सुटा सांगायला सांगा: पाच, नऊ.

५. तपासणी कोणाकडून करून घ्यायची? अहवालात काय असायला हवं?

अध्ययन अक्षमतेसाठी बुद्धिमापन आणि वाचन-लेखन-गणिताच्या प्रमाणित चाचण्या घेणारे क्लिनिकल किंवा शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ. एडीएचडीसाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ. कॉलेजला सरकारी प्रमाणपत्र लागत असेल तर ते कुठल्या रुग्णालयातलं चालतं हे आधी विचारा, नाहीतर सगळं दोनदा करावं लागतं.

चांगल्या अहवालात चाचण्यांची नावं, गुण, निदान, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अडचण आणि सवलत यांची जोडी असते. ‘डिस्लेक्सिया आहे, सहकार्य करावे’ या एका ओळीने कुणाचंच काम होत नाही. ‘वाचनाचा वेग वयाच्या मानाने फार कमी, म्हणून लेखी परीक्षेत जादा वेळ, आकलन ऐकून उत्तम, म्हणून प्रश्नपत्रिका वाचून दाखवावी’ असं लिहिलं की कॉलेजच्या साहाय्य कक्षातल्या माणसाला पुढे काय करायचं ते कळतं.

जाताना जुन्या वह्या, प्रगतिपुस्तकातले शेरे आणि लहानपण आठवणारं कुणीतरी सोबत न्या. इंटरनेटवरच्या प्रश्नावल्या फक्त चाळणी असतात. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची अठरा प्रश्नांची यादीसुद्धा तेवढ्यासाठीच आहे.

६. शाळेतलं जुनं प्रमाणपत्र कॉलेजात चालेल का?

काही ठिकाणी चालतं, पुष्कळ ठिकाणी प्रौढांच्या निकषांवर केलेली ताजी तपासणी मागतात. प्रवेशाच्या आधीच विचारा. जुना अहवाल टाकू मात्र नका. अडचण लहानपणापासूनची आहे याचा तो सर्वांत भक्कम पुरावा असतो.

७. कायद्याने कॉलेजला हे सगळं द्यावंच लागतं का?

देशानुसार उत्तर बदलतं, पण गाभा सारखा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातल्या कलम २४ मध्ये उच्च शिक्षणही येतं.

भारतात दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं वेगळं नाव त्या यादीत नाही, आणि गोची नेमकी इथे होते. नुसतं एडीएचडीचं निदान घेऊन गेलेल्याला ‘यादीत बसत नाही’ असं ऐकावं लागतं. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर तिची तपासणी जरूर करून घ्या. नसेल तर परीक्षेतल्या सवलतीसाठी भांडण लांबतं, पण पुढच्या बाकावर जागा, रेकॉर्डिंगची परवानगी, कामाच्या टप्प्यांच्या तारखा या गोष्टी कॉलेजच्या पातळीवर मिळू शकतात. अर्ज लेखी करा. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट सांगून लेखनिक नाकारला जात असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ मधला विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा निकाल दाखवा. लिहिताना हातात पेटके येणाऱ्या उमेदवाराचं ते प्रकरण होतं, आणि ४० टक्क्यांची अट लेखनिकाच्या सोयीला लावता येत नाही असं न्यायालयाने म्हटलं.

अमेरिकेत कॉलेजला १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आणि १९९० चा दिव्यांग कायदा लागू होतो. शाळेतला विशेष शिक्षणाचा कायदा तिथे शाळेबरोबर संपतो. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा ‘वाजवी फेरबदल’ करायला सांगतो. शाळा सोडल्यावर एक मोठा फरक पडतो: शाळा विद्यार्थ्याला शोधत येते, कॉलेज येत नाही. मागायचं तुम्ही.

८. कोणकोणत्या सवलती मिळतात?

यादी मोठी असते: जादा वेळ, वेगळी शांत खोली, मध्ये विश्रांती, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारा, लेखनिक, संगणकावर उत्तरं, गणकयंत्र, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, तासांचं रेकॉर्डिंग, स्लाइड आधी मिळणं, पुस्तकाची वाचून दाखवता येईल अशी डिजिटल प्रत, नोट्स काढणारा सहाध्यायी, प्रत्येक सेमिस्टरला कमी विषय.

पण यादी समोर ठेवून ‘हे सगळं द्या’ म्हणणाऱ्यांचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. एका मुलाने वाचक, लेखनिक, जादा वेळ सगळं घेतलं. वाचकाचा आवाज चालू असताना त्याला विचार करता येईना, लेखनिकाला सांगताना वाक्य विसरायला होई. त्याचं खरं दुखणं अक्षराचं होतं. संगणक दिला आणि बाकी सगळं सुटलं. आधी स्वतःला विचारा: प्रश्नपत्रिका हातात आल्यापासून ती देईपर्यंत मी नेमका कुठे थांबतो? प्रश्न वाचण्यात, आठवण्यात, वाक्य जुळवण्यात, अक्षर काढण्यात, की घड्याळात? ज्या जागी अडतं, त्या जागेची सवलत घ्या.

९. जादा वेळ किती मिळतो? आणि बाकीच्यांवर हा अन्याय नाही का?

भारतात केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं आहेत. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. ब्रिटनमध्ये साधारणपणे पाव पट जास्त देतात, तीन तासांवर ४५ मिनिटं. अमेरिकेत दीडपट ही सर्वांत ओळखीची सवलत.

अन्यायाचा प्रश्न प्राध्यापक विचारतात, मित्र विचारतात आणि खूपदा विद्यार्थी स्वतःलाच विचारतो. माझं उत्तर असं: परीक्षा काय मोजते ते आधी ठरवा. इतिहासाच्या पेपरात १८५७ ची कारणं कळली का हे मोजायचं असेल तर डोळ्यांना ओळीवरून फिरायला किती वेळ लागला याला गुण का? वेगच मोजायचा असेल, उदाहरणार्थ टंकलेखनाच्या परीक्षेत, तर जादा वेळ देता येणार नाही, आणि तिथे तो मागूही नये. (नकाराबद्दल प्रश्न १९.)

१०. लेखनिक घ्यावा का?

हात खरंच चालत नसेल, अक्षर परीक्षकाला वाचता येत नसेल, तर घ्या. पण सराव न करता घेऊ नका. सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे. मनात पूर्ण वाक्य तयार करायचं, ते लेखनिकाच्या हाताच्या वेगाने सोडायचं, तो लिहीत असताना पुढचं धरून ठेवायचं. ज्याची तात्पुरती स्मरणशक्ती आधीच तोकडी आहे त्याला हे फार जड जातं.

किमान तीन जुन्या प्रश्नपत्रिका लेखनिकासोबत, घड्याळ लावून सोडवा. पहिल्याच बैठकीत ठरवा: परिच्छेद बदलताना काय म्हणायचं, पारिभाषिक शब्द सुटी अक्षरं सांगून द्यायचे का, प्रत्येक उत्तर परत वाचून दाखवायचं का. कच्च्या कागदावर मुद्द्यांचे चार शब्द स्वतः लिहा आणि ते बघून सांगा. आकृत्या स्वतः काढता येतात का हे नियमात बघून घ्या. लेखनिकाच्या शिक्षणाबद्दलही अटी असतात. शेवटच्या आठवड्यात सापडलेला माणूस त्यात बसेलच असं नाही.

कीबोर्डवर बोटं बसलेली असतील तर संगणक बहुतेकांना जास्त सोयीचा पडतो.

११. एडीएचडी आहे, जादा वेळही मिळतो. तरी पेपर अर्धाच राहतो. असं का?

कारण वेळ कमी पडत नव्हता, हातातून निसटत होता. आणखी एक तास दिला की तोही निसटतो. इथे उपयोगी पडते ती विश्रांती, म्हणजे घड्याळ थांबवून पाच मिनिटं उठणं. वर्दळ नसलेली खोली. आणि समोर काट्यांचं मोठं घड्याळ.

शिवाय हे करून पाहा. पेपर हातात आला की एकही उत्तर लिहिण्याआधी प्रत्येक प्रश्नासमोर तो संपवण्याची वेळ लिहा. तीन तास आणि ६० गुण असतील तर गुणाला तीन मिनिटं: ११ वाजता सुरू झालेल्या पेपरात १० गुणांचा पहिला प्रश्न ११.३० ला संपला पाहिजे. ११.३० वाजले की वाक्य अर्धं असलं तरी दोन ओळी सोडून पुढे जायचं. सुरुवातीला हे अघोरी वाटतं. पण पहिल्या उत्तराला ५० मिनिटं देऊन मिळणारा जादा एक गुण, शेवटच्या कोऱ्या प्रश्नाच्या दहा गुणांपुढे काहीच नाही.

१२. प्राध्यापकांना सांगावंच लागतं का? कसं सांगू?

निदान सांगावं लागत नाही. साहाय्य कक्ष किंवा समन्वयक असतील तर अहवाल त्यांच्याकडे राहतो आणि प्राध्यापकांना फक्त सवलतींचं पत्र जातं. पण पत्र पोचलं म्हणजे वाचलं गेलं असं नाही, म्हणून पहिल्या पंधरवड्यात स्वतः चार ओळी लिहा:

‘सर, मला लेखी परीक्षेत जादा वेळ आणि संगणकाची सवलत मंजूर झाली आहे. पत्र सोबत जोडलं आहे. पहिली चाचणी १२ तारखेला आहे. तिची व्यवस्था ठरवायला या आठवड्यात तासानंतर पाच मिनिटं भेटू का?’

माफी नाही, आजाराची कहाणी नाही, पुढची तारीख आहे. चाचणीच्या सकाळी दारात उभं राहून सांगितलं तर भला प्राध्यापकही हतबल असतो.

१३. मी आई आहे. मी कॉलेजशी बोलू का?

मुलगी सज्ञान असेल तर तिच्या संमतीशिवाय कॉलेज तुम्हाला तिची माहिती बहुधा देणार नाही, आणि देऊही नये. पहिल्या भेटीला सोबत जा, पण बोलू द्या तिलाच. ती अडखळेल. अडखळू द्या, आजवर तिच्या वतीने तुम्हीच बोलत आलात, म्हणून तिला सवय नाही.

घरी रोजच्या ‘अभ्यास केलास का?’ ऐवजी एकदाच विचारा: ‘मी आठवण करावी असं कोणत्या तारखांना वाटतं?’ तिने दिलेल्या तारखांना विचारा, इतर दिवशी नाही. दुसऱ्या गोष्टीला जास्त संयम लागतो.

१४. वाचायला खूप वेळ लागतो. अभ्यास करायचा कसा?

डोळ्यांवरचा भार कानांवर टाका. फोन आणि संगणक दोन्ही मजकूर वाचून दाखवतात, मराठीतसुद्धा. ओळीवर नजर ठेवून ऐकलं तर नुसत्या ऐकण्यापेक्षा जास्त राहतं. एक अडचण सगळ्यांना येते: कॉलेजने दिलेली पीडीएफ बोलतच नाही. त्यातला एक शब्द बोटाने निवडून बघा. शब्द निवडला न जाता सगळं पान चित्रासारखं राहिलं, तर तो नुसता फोटो आहे. अक्षरओळख करणाऱ्या ॲपमधून तो आधी मजकुरात बदलावा लागतो. साहाय्य कक्षाकडून थेट तशी प्रत मागितली तर हा खटाटोप वाचतो.

सगळं पहिल्या ओळीपासून वाचू नका. आधी शेवटचे प्रश्न किंवा सारांश, मग मथळे, मग जिथे उत्तर असेल तिथलं सविस्तर.

आणि पुन्हा पुन्हा वाचणं थांबवा. रोएडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्याने बाजी मारली ती न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी. हळू वाचणाऱ्यासाठी यात दुप्पट फायदा आहे, कारण दुसऱ्यांदा वाचण्याचे कष्टच वाचतात. पुस्तक मिटा, फोनवर दोन मिनिटं स्वतःच्या शब्दांत बोलून रेकॉर्ड करा, मग उघडून काय सुटलं ते बघा. लिहिणं जड जातं त्यांना बोलणं चालतं.

१५. असाइनमेंट माहीत असते, येतही असते, पण सुरूच होत नाही. हा आळस आहे का?

आळशी माणूस मजेत असतो. तुम्ही तीन दिवस त्या फाइलकडे बघून घाबरत असता, त्यात मजा कुठे आली?

एक विद्यार्थिनी सुंदर डायरी घेऊन आली होती. पहिला आठवडा चार रंगांत, दुसरा निळ्या पेनाने, तिसऱ्या आठवड्यात एका पानावर फक्त ‘!!!’, पुढे कोरी. घरी अशा आणखी सात असल्याचं तिने सांगितलं. आठवी डायरी हे उत्तर नव्हतं. मिटली की डायरी नजरेआड, आणि नजरेआड झालं की कामही नाहीसं. आम्ही अख्ख्या सेमिस्टरचा एकच मोठा कागद भिंतीला लावला आणि सोमवारी पंधरा मिनिटं भेट ठरवली. भेटीत एकच प्रश्न: या आठवड्यात पहिली हालचाल कोणती?

‘निबंध लिहिणे’ ही हालचाल नव्हे. ‘फाइल उघडून प्रश्न जसाच्या तसा टाइप करणे’ ही हालचाल. ती झाली की बऱ्याचदा पुढची दोन वाक्यं आपोआप येतात. दुसरं म्हणजे शेजारी कुणीतरी बसवा. मदत करायला नव्हे, आपलं काम करत नुसतं असायला. ग्रंथालयात किंवा व्हिडिओ कॉलवरही चालतं. ऐकायला फुसकं वाटतं, पण एडीएचडीवाल्यांत याच्याइतकं हमखास चालणारं मला दुसरं काही दिसलेलं नाही.

मोठ्या कामाला टप्प्यांच्या तारखा प्राध्यापकांकडूनच मागून घ्या. स्वतःला दिलेली मुदत ही मुदत नसते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

१६. गोळ्या घेतल्या तर हे सगळं करावं लागणार नाही ना?

डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया यांवर गोळी नाही. एडीएचडीवर आहे, मिथिलफेनिडेट १९४४ साली पहिल्यांदा तयार झालं आणि आजही वापरात आहे. अनेकांना चांगला फरक पडतो. भूक, झोप, नाडी, रक्तदाब यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. गोळीने बसायला जमतं. बसून काय करायचं ते शिकावंच लागतं. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राला दिलेली गोळी ही मदत नसते: त्याच्या तब्येतीला धोका असतो आणि बहुतेक देशांत तो गुन्हाही आहे.

१७. रंगीत चष्मे, खास फॉन्ट, मेंदूचे व्यायाम यांचा उपयोग होतो का?

रंगीत भिंगं आणि डोळ्यांच्या व्यायामांनी अध्ययन अक्षमता बरी होते याला आधार नाही, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटना आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदनात म्हटलं होतं. खास फॉन्टपेक्षा मोठं अक्षर आणि दोन ओळींतलं अंतर जास्त कामाला येतं. आवडत असेल तर वापरा, पैसे घालू नका.

१८. निबंधासाठी एआय वापरलं तर ती सवलत की कॉपी?

बोलून टाइप करणं, मजकूर वाचून घेणं, शुद्धलेखन तपासणं ही साधनं बहुतेक ठिकाणी मान्य असतात, पण भाषेच्या पेपरात तीही अडू शकतात. विचार आणि वाक्यं दुसऱ्याकडून करून घेणं वेगळं, मग तो दुसरा माणूस असो की यंत्र. मधला पट्टा मोठा आहे: विस्कळीत बोललेल्या मुद्द्यांचा क्रम लावून घेणं कुठे बसतं? प्रत्येक विषयात नियम वेगळा असतो, म्हणून कोणतं साधन कशासाठी हे सवलतीच्या पत्रात नावानिशी लिहून घ्या. बोलून केलेली पहिली कच्ची प्रत आणि रेकॉर्डिंग जपून ठेवा. शंका निघाली तर तेच तुमच्या बाजूने बोलतं.

१९. कॉलेजने सवलत नाकारली. आता?

आधी लेखी कारण मागा. नकार दोन प्रकारचे असतात. एक, ‘आमच्याकडे पद्धत नाही’, ‘बाकीचे काय म्हणतील’. ही कारणं नव्हेत. समन्वयक, तक्रार समिती, विद्यापीठ, आणि भारतात दिव्यांग आयुक्त अशी पायरी चढा.

दुसरा प्रकार खरा असू शकतो: मागितलेली सवलत विषयाचा गाभाच काढून टाकते. परिचारिकेला औषधाच्या मात्रेचा हिशेब यायलाच हवा. तो माफ होणार नाही. पण तो गणकयंत्रावर, सावकाश, दोनदा तपासून करायला हरकत आहे का, हे विचारता येतं. ‘काय’ बदलत नसेल तर ‘कसं’ बदलतं का ते बघा.

२०. दोन विषय राहिल्यावर तपासणी केली आणि निदान निघालं. जुने गुण बदलतील का?

सहसा नाही. सवलत मंजूर झाल्या दिवसापासून पुढे लागू होते. पुन्हा परीक्षेला बसताना मात्र ती मिळायला हवी, आणि फेरप्रवेश, मुदतवाढ किंवा शिष्यवृत्ती थांबली असेल तर अर्जाला अहवाल जोडा. म्हणूनच शंका असेल तर निकालाची वाट बघू नका.

२१. माझ्या वर्गात ९० विद्यार्थी आहेत. प्रत्येकासाठी वेगळं काय करू? (एका प्राध्यापकांचा प्रश्न)

वेगळं फारसं करू नका, सगळ्यांसाठी तीन-चार गोष्टी बदला. स्लाइड आदल्या दिवशी टाका. सगळ्या तारखा एकाच जागी, लेखी. तोंडी दिलेली सूचना फळ्यावरही लिहा. आणि न सांगता कुणाला उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका. डिस्लेक्सियाची मुलं त्या एका मिनिटाच्या धास्तीने अख्खा तास काहीच ऐकत नाहीत.

२२. सवलती मंजूर आहेत, पण मला वापरायच्या नाहीत. चालेल?

चालेल. सवलत ही सक्ती नाही. एका विषयात वापरा, दुसऱ्यात नको. तोंडी परीक्षेला नको, लेखीला हवी, असंही चालतं. फक्त नोंदणी मोडू नका आणि दर सेमिस्टरला ती नवी करत राहा. अवघड पेपर मध्येच येतो, आणि त्या आठवड्यात अर्ज मंजूर होत नाही. पहिल्या छोट्या चाचणीत सवलतीशिवाय बसून बघा, दुसरीत सवलतीसह, आणि दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून ठरवा.